सौरपंपाचे सहावे वर्ष

विजेच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे नेहमी दोन टोकांना होते. एका टोकाला निर्मिती : कोयनेत पाणी किती उरले, चंद्रपूरला कोळसा किती दिवसांचा आहे. दुसऱ्या टोकाला बिल : ते कोणी भरावे आणि कोणाचे माफ व्हावे. या दोन टोकांच्या दरम्यान वीज आपले रूप अनेकदा पालटते, आणि दर पालटात तिचा काही अंश उष्णता होऊन हवेत विरून जातो. या मधल्या जागेकडे पाहण्याची सवय ना राज्यकर्त्यांना आहे, ना अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना.

ही मधली जागा आता शेताच्या बांधावर येऊन ठेपली आहे. आष्ट्यापासून कृष्णाकाठापर्यंत उसाच्या आणि हळदीच्या शिवारातून जाताना विहिरीशेजारी काळपट निळ्या प्लेटांची रांग आणि तिच्या खांबाला अडकवलेली एक पेटी हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सुरू केली. अडीच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्यास तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास साडेसात अश्वशक्तीचा पंप. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा पाच टक्के. बाकीचा भार सरकारचा. कृष्णेतून लांबवर पाणी उचलणाऱ्या मोठ्या मोटारींना ही योजना पुरी पडणारी नाही, हे खरे. पण बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून रात्री उसाला पाणी पाजावयास जाणाऱ्या वाळवा-शिराळ्याच्या शेतकऱ्याला दिवसा चालणारा पंप मिळणे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. योजनेच्या हेतूविषयी वाद नाही. प्रस्तुत लेखाचा विषय खांबावरची ती पेटी आहे.

शेतकरी तिला कंट्रोलर म्हणतो. प्लेटांतून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते आणि तिचा जोर आभाळ पाहून बदलतो. विहिरीतील मोटारीला मात्र थ्री फेजची, उलटसुलट दिशांनी वाहणारी, दाब आणि आवर्तने यांचा मेळ राखणारी वीज लागते. एकीची दुसरी करणे हे पेटीचे काम, आणि ते करणारा कामगार म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर ही नखाएवढी सिलिकॉनची चकती. रेडिओतला ट्रान्झिस्टर क्षीण आवाज मोठा करतो. हा त्याचा थोरला भाऊ केवळ कळ दाबतो आणि सोडतो, पण सेकंदाला हजारो वेळा. कळ किती काळ चालू आणि किती काळ बंद राहिली, या प्रमाणावर पुढे जाणारा दाब ठरतो. दाब कमी करावयाचा म्हणून वीज जाळावी लागत नाही. तिचे तुकडे करून ती मोजून पुढे सोडली जाते.

तरीही थोडी जळतेच. कळ पूर्ण बंद असते तेव्हा तिच्यावर दाब असतो पण प्रवाह नसतो. पूर्ण चालू असते तेव्हा प्रवाह असतो पण दाब जवळजवळ नसतो. विजेचा व्यय हा या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे दोन्ही अवस्थांत तो अल्पच राहतो. तोटा होतो तो चालू अवस्थेत शिल्लक राहणाऱ्या रोधामुळे, आणि एका अवस्थेतून दुसरीत जातानाच्या क्षणांशात दाब व प्रवाह दोघेही हजर असल्यामुळे. गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाचा सारा रोख या दोन तोट्यांवर आहे.

ही कळ हाती नव्हती तेव्हा काय होत असे, ते मुंबईच्या लोकल गाड्यांनी दाखविले आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली. गाडी सुटताना मोटारीला कमी दाब द्यावयाचा म्हणून वाटेत रोधकांच्या जाळ्या बसविलेल्या असत आणि जादा दाब तेथे उष्णता होऊन जाई. ब्रेक लावला की उरलेली गतीही घर्षणात जाई. दर दोन-चार मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीचा हा व्यवहार. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत थ्री फेजच्या मोटारी आणि त्यांना वीज मोजून देणारे ट्रान्झिस्टर आहेत. ब्रेक लावताना त्याच मोटारी जनित्र बनून वीज वरच्या तारेत परत करतात. रेल्वेच्या सांगण्याप्रमाणे ही बचत तीस टक्क्यांच्या आसपास आहे. ऐंशी वर्षे मुंबईच्या चाकरमान्याने त्या उष्णतेचेही भाडे भरले. पासावर ते वेगळे छापलेले नसे, इतकेच.

या कळीचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९५७ साली थायरिस्टर आला. तो प्रचंड प्रवाह पेलतो, पण एकदा चालू झाला की आपल्या इच्छेने बंद होत नाही. तरीही १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली चंद्रपूर–पडघे ही ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची वाहिनी अशा थायरिस्टरांवरच उभी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर आला. तो चपळ आणि आज्ञाधारक. पण त्याची एक अडचण होती. अधिक दाब अडवावयाचा तर सिलिकॉनचा थर जाड करावा लागतो, आणि थर जाड झाला की चालू अवस्थेतील रोध भलताच वाढतो. दाब दुप्पट, तर रोध पाचपटींहून अधिक. म्हणजे कमी दाबाला उत्तम, मोटारीच्या दाबाला निकामी.

ही कोंडी फोडली ती आपल्याच देशातून गेलेल्या एका अभियंत्याने. बंत्वाल जयंत बालिगा यांचा जन्म मद्रासचा, बालपण बंगलोरजवळच्या जालहळ्ळीतले, पदवी १९६९ ची आयआयटी मद्रासची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास त्यांनी मॉस्फेटची चपळाई आणि जुन्या ट्रान्झिस्टरची प्रवाह पेलण्याची ताकद एकाच चकतीत आणली. तीच आयजीबीटी. आज सौरपंपाचे कंट्रोलर, लोकल गाड्या, पवनचक्क्या या सर्वांत तिचे राज्य आहे. बालिगांना २०२४ सालचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी ती गोष्ट मात्र निराळी. ज्या कंपनीच्या घरात हा शोध लागला, तिने १९८८ मध्ये आपला अर्धवाहकांचा धंदाच विकून टाकला, आणि या कळीची मोठी बाजारपेठ जपानी व जर्मन कारखानदारांनी काबीज केली. शोध लावणाऱ्याच्याच पदरी लाभ पडतो असे नाही.

पुढे १९९८ च्या सुमारास सिलिकॉनच्या थरात उलटसुलट गुणांचे उभे स्तंभ घालून रोध घटविण्याची युक्ती बाजारात आली. त्यानंतर द्रव्यच बदलले. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड ही द्रव्ये सिलिकॉनच्या सुमारे दसपट विद्युतक्षेत्र सोसतात. साहजिकच तेवढाच दाब अडविण्यास थर एक दशांश पुरतो. सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट २०११ पासून विक्रीस आले आणि २०१७ मध्ये टेस्ला कंपनीने ते आपल्या मोटारगाडीत घातले. हातात मावणारे, पण लॅपटॉपलाही पुरणारे जे चार्जर हल्ली दिसतात, त्यांत बहुधा गॅलियम नायट्राइड असते. कळ जितकी चपळ तितक्या वेटोळ्या आणि कपॅसिटर लहान. पेटी आकसते ती यामुळे.

येथपर्यंतची कथा चकतीची. परंतु चकती नुसती वापरता येत नाही. तिला आधार हवा, तारा हव्यात, तिची उष्णता बाहेर नेणारी वाट हवी आणि बाहेरची धूळ-दमट हवा आत येऊ न देणारे कवच हवे. या साऱ्याला मिळून वेष्टन म्हणू. ज्याला आपण कागदी वेष्टनाप्रमाणे किरकोळ समजू, तेच या धंद्यातले खरे कसब आहे. आणि पेटी बंद पडते ती बहुधा चकतीच्या दोषाने नव्हे, वेष्टनाच्या.

याचे कारण साधे आहे. चकतीच्या खाली डाक, डाकेखाली चिनी मातीच्या जातीची विद्युतरोधक पाटी, तिच्याखाली तांब्याचा पत्रा. चकतीच्या वर ॲल्युमिनियमच्या केसासारख्या तारा. एक अंश तापमान वाढले की सिलिकॉन दहा लाखांत सुमारे तीन भागांनी प्रसरण पावते, तांबे सतरा भागांनी, ॲल्युमिनियम तेवीस भागांनी. एकत्र बांधलेल्या तिघांपैकी प्रत्येकाची चाल निराळी. तापणे-निवणे एकदा झाले तर काही बिघडत नाही. पण सौरपंपाचा कंट्रोलर रोज सकाळी तापतो, सायंकाळी निवतो. आणि आषाढ-श्रावणात ढग आला-गेला की दिवसातून कितीतरी वेळा. दर वेळी डाक थोडी ताणली जाते, तारेचे मूळ थोडे सैल होते. काही वर्षांनी डाकेला चीर जाते, चिरेमुळे उष्णतेची वाट अडते, त्यामुळे चकती आणखी तापते, आणि एका दुपारी सगळेच संपते. शेतकऱ्याला दिसते ते इतकेच, की पाणी येत नाही.

आणखी एक कुरापत या तारांची. प्रवाह झपाट्याने बदलला की तारेचा तुकडाही अडून बसतो आणि जादा दाब उभा करतो. दोन-तीन सेंटिमीटर तारेतून शंभर अँपियरचा प्रवाह एका सेकंदाच्या पाच कोटींश भागात तोडला, तर तिच्या टोकांवर शंभर व्होल्टच्या घरातला जादा धक्का निर्माण होतो. म्हणजे चकती जितकी चपळ करावी तितके जुने वेष्टन तिला घातक. नव्या वेष्टनांत म्हणून तारांऐवजी तांब्याच्या सपाट पट्ट्या येतात, डाकेऐवजी चांदीची भुकटी दाबून-भाजून केलेला सांधा येतो, उष्णता लवकर नेणाऱ्या नायट्राइडच्या पाट्या येतात, कधी दोन्ही बाजूंनी थंड करण्याची सोय असते. हे सारे महाग आहे. आणि हे सारे झाकणाखाली असते, डोळ्यांना दिसत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाला सुमारे ४८०० वॅटच्या प्लेटा लागतात. एका पेटीची कार्यक्षमता ९२ टक्के आणि दुसरीची ९७ टक्के धरा. भर उन्हात पहिल्या पेटीत ३८४ वॅट उष्णता होते, दुसरीत १४४. वैशाखातल्या उन्हात लोखंडी पेटीत शंभर वॅटचे जवळजवळ चार दिवे कोंडून ठेवणे आणि दीड दिवा ठेवणे, एवढा हा फरक. जी पेटी वीज अधिक खाते तीच लवकर मरते. कारण तिला मारणारी उष्णता म्हणजे तिने खाल्लेली वीजच होय. या दोहोंतील अंतर पंपामागे २४० वॅटचे. एक लाख पंपांमागे ते २४ मेगावॅट होते. ऊन फुकट आहे म्हणून या तोट्याची क्षिती बाळगण्याचे कारण नाही असे कोणी म्हणेल. परंतु ऊन फुकट असले तरी प्लेटा फुकट नाहीत, त्या सार्वजनिक पैशातून घेतलेल्या आहेत.

तारेवरच्या विजेचीही तीच गत. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांची वीज सरकारने मोफत केली आहे. त्यामागील सामाजिक न्यायाचा विचार बाजूला ठेवून केवळ परिणाम पाहिला, तर किमतीचा इशारा नाहीसा झाला की चांगली मोटार किंवा चांगले नियंत्रण यांवर जादा पैसा घालण्याचे कारण शेतकऱ्यापाशी उरत नाही. तोटा होतो, पण तो त्याच्या वहीत लिहिला जात नाही. तो राज्याच्या अंदाजपत्रकात आणि आपणा पगारदारांच्या वीजबिलात पसरून जातो, आणि पसरलेला तोटा कोणाला बोचत नाही.

खरी अडचण खरेदीच्या पद्धतीत आहे. या योजनेत शेतकरी सरकारी यादीतून पुरवठादार निवडतो. किंमत मात्र ठरलेली असते. किंमत बांधलेली आणि गुणवत्ता झाकणाखाली, अशा बाजारात काय होते याची मीमांसा जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या व्यापाराचे उदाहरण घेऊन केली होती, आणि तीबद्दल त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ग्राहकाला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर चांगल्या मालाचा खर्च भरून निघत नाही, आणि हळूहळू चांगला माल बाजारातूनच उठून जातो. चांदीचा सांधा आणि साधी डाक यांतला भेद ना शेतकऱ्याला दिसतो, ना पाहणीस आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला. पुरवठादार अप्रामाणिक असण्याची येथे गरजच नाही. प्रामाणिक पुरवठादारालाही महाग वेष्टन परवडत नाही.

यावर योजनेचे उत्तर आहे हमीचे. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा. उत्तर चांगले आहे, पण पाच वर्षांपुरते. प्लेटा पंचवीस वर्षे चालाव्यात असे मानले जाते. पाच आणि पंचवीस यांच्यामधल्या वीस वर्षांत पेटी कोणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

जुन्या मोटारीचा असा प्रश्न नव्हता. वीज कमी दाबाने आली, मोटारीने जादा प्रवाह ओढला आणि वायंडिंग जळले, तर मोटार बैलगाडीत किंवा टेंपोत घालून आष्ट्याला आणावयाची. रिवाइंडिंगवाला जळके तांबे उपसून काढी, नवी तार भरी, वॉर्निश देऊन भाजी, आणि दोन-तीन दिवसांत मोटार पुन्हा विहिरीवर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या तेव्हा याच दुकानांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. येथून जवळच किर्लोस्करवाडी आहे; १९१० पासून तेथे नांगर, चरक, पंप घडले आणि त्यांच्याबरोबर लोखंड-तांब्याची दुरुस्ती जाणणारी माणसेही घडली. दुरुस्तीचा पैसा गावातून गावात फिरे. कंट्रोलरमध्ये असे काही नाही. आयजीबीटीचे वेष्टन जितके उत्तम, तितके ते बंद. ते उघडून सांधता येत नाही. अख्खे कार्ड बदलावे लागते, पुष्कळदा अख्खी पेटी, आणि तीही त्याच कंपनीची, कारण एकीची पेटी दुसरीच्या पंपाशी जुळेल याची शाश्वती नाही. कंपनी त्या वेळी असेल, नसेल.

पेट्या स्वस्त होत जातील, असा एक युक्तिवाद केला जातो. तो निराधार नाही. चकत्यांच्या किमती आजवर उतरतच आल्या आहेत. परंतु स्वस्त झालेली चकती आणि जुळणारी पेटी या दोन गोष्टी आहेत. मोबाइलचा चार्जर कोणाचाही कोणाला चालू लागला तो दयाबुद्धीने नव्हे. युरोपने कायदा करून एकच जोडणी बंधनकारक केली आणि भारतासह इतरांनी त्या दिशेने पावले टाकली. ज्या राज्याने एवढ्या मोठ्या संख्येने पंप स्वतः विकत घेतले, त्याला असा नियम घालणे अवघड नव्हते व नाही. दाबाची मर्यादा, जोडणीचे टोक, बोल्टांची अंतरे ठरवून दिली की कोणत्याही कंपनीची पेटी कोणत्याही खांबावर चढेल.

हमी पाचाऐवजी दहा वर्षांची मागितली तर किंमत वाढेल, हे उघड आहे. ती वाढू द्यावी. हमीचा भार उत्पादकाच्या खांद्यावर गेला की डाकेऐवजी चांगला सांधा घालणे त्याच्याच फायद्याचे ठरेल. सरकारला झाकण उघडून पाहण्याची गरज उरणार नाही. यासोबत तापण्या-निवण्याच्या किती फेऱ्या पेटीने चाचणीत सोसल्या, तो आकडा तिच्यावर मराठीत छापला जावा. विजेच्या पंपांवर कार्यक्षमतेच्या ताऱ्यांची चिठ्ठी लागते, मग आयुष्याची का लागू नये?

उरला प्रश्न माणसांचा. आष्ट्याला अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. वेष्टन उघडता येत नसले तरी बिघाड चकतीत आहे, कपॅसिटरमध्ये आहे की नुसत्या सैल बोल्टात, हे ओळखणे शिकविता येते. निम्म्या पेट्या एवढ्यानेच वाचल्या तरी पुष्कळ झाले. पाणीपुरवठ्याच्या सहकारी संस्था चालविण्याचा अनुभव या तालुक्याला आहे. दहा गावांनी मिळून पाच-पंचवीस पेट्यांचा सामाईक साठा ठेवला, तर ऐन उन्हाळ्यात कोणाचा ऊस वाळणार नाही. अर्थात पेट्या एकमेकींना जुळणाऱ्या असतील तरच. नाहीतर तो साठा म्हणजे भंगार.

दिल्लीत डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींचा अर्धवाहक कार्यक्रम मंजूर झाला, त्यातून साणंद आणि आसामात जागीरोड येथे चकत्यांना वेष्टन देणारे कारखाने उभे राहिले, ओडिशात सिलिकॉन कार्बाइडच्या प्रकल्पास २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पॉवर ट्रान्झिस्टरला संगणकाच्या चिपांसारख्या अतिसूक्ष्म रेषा लागत नाहीत; त्याचे वेष्टन हे उष्णता, धातू आणि सांधे यांचे काम आहे, आणि ते महाराष्ट्राच्या कारखानदारीला परके नाही. एवढ्या पंपांची खात्रीची मागणी हाती असताना ती नुसती विखरून टाकणे हा धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणा म्हणता यावयाचा नाही.

सध्याच्या योजनेतील पहिल्या पंपांची हमी २०२९ च्या सुमारास संपू लागेल. मोफत विजेची मुदतही त्याच वर्षी संपते. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. याआधी २०१८-१९ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजनेत एक लाख पंपांचे उद्दिष्ट होते, आणि त्यातील सुरुवातीच्या पंपांनी पाच वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. त्यांपैकी किती पेट्या अजून मूळच्या आहेत, किती बदलाव्या लागल्या, त्यासाठी शेतकऱ्याने किती पैसे मोजले आणि किती पंप उन्हात नुसते उभे आहेत, ही मोजणी महावितरणला एका उन्हाळ्यात करून घेता येईल. पुढच्या खरेदीच्या अटी लिहिण्याआधी ती व्हावी आणि तिचे आकडे गावनिहाय प्रसिद्ध व्हावेत.